पाणचक्कीतल्या दर्ग्याची ओळख मराठीत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी छत्रपती संभाजीनगरातील एका शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवला. त्या काळात सातवीच्या वर्गाची एक सहल दरवर्षी थंडीच्या दिवसांत बीबी का मकबरा आणि पाणचक्की अशी निघत असे. मुले कारंज्यांजवळ रमत, हौदातल्या माशांना चुरमुरे टाकत, चक्कीच्या खोलीत डोकावत आणि घामेजून पुन्हा बसमध्ये येऊन बसत. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, गेल्या दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेल्या नातीला घेऊन मी पुन्हा तेथे गेलो. चक्की पाहून झाल्यावर ती दर्ग्याच्या पायरीशी थांबली, आत चादर पांघरलेल्या कबरीकडे पाहत राहिली आणि तिने विचारले, "आजोबा, इथले बाबा दळण दळायचे का?"

तो प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. नऊ वर्षांच्या मुलीने जे पाहिले त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष अगदी सरळ होता. जागेचे नाव चक्कीवरून पडलेले, तिकीट चक्कीसाठी काढलेले, सोबतच्या गाइडने दहा मिनिटे सांगितले तेही चक्कीविषयीच. ज्यांच्यामुळे ही सारी वास्तू उभी राहिली त्यांच्याविषयी मात्र त्याने एकच वाक्य उच्चारले, तेही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता. मी स्वतः एकतीस वर्षे मुलांना याहून फारसे वेगळे काही सांगितले नव्हते, याची मला त्या पायरीवर खंत वाटली. म्हणून हे पत्र.

पाणचक्की ही मुळात चक्की नव्हे, तो एक तकिया आहे. फकीर, दरवेश आणि वाटसरू यांना उतरण्यासाठी, जेवण्यासाठी आणि आपल्या गुरूच्या सहवासात राहण्यासाठी बांधलेले ते घर आहे. त्यात मशीद आहे, राहण्याच्या खोल्या आहेत, पाणी आहे, दळण्याची सोय आहे आणि या सर्वांच्या केंद्रस्थानी, ज्यांनी हे घर मांडले त्या शेखांच्या कबरी आहेत. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाला लागून असलेल्या या आवारात बाबा शाह मुसाफिर आणि त्यांचे गुरू बाबा शाह सईद पलंगपोश यांची विश्रांतिस्थाने आहेत. तुर्कस्तानात ज्याला तेक्के म्हणतात, इराणात आणि आपल्याकडे ज्याला खानकाह म्हणतात, त्याच कुळातली ही वास्तू आहे, आणि मध्य आशियातून आलेल्या दरवेशांचे इतके सविस्तर नोंदले गेलेले घर दख्खनमध्ये माझ्या माहितीत तरी दुसरे नाही.

येथे भाषेची एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आमच्या विस्मरणाचे कारण मला तीत दिसते. पलंगपोश हे नाव ऐकताच माझ्या वर्गातली मुले दरवर्षी खुदकन हसत, कारण मराठी घरात पलंगपोस म्हणजे पलंगावर अंथरायची चादर. फारसीत पलंग म्हणजे बिबट्या, आणि पोश म्हणजे पांघरणारा. बिबट्याचे कातडे अंगावर घेऊन हिंडणारा फकीर असा त्या नावाचा अर्थ आहे. आपल्याकडे अंगावर व्याघ्राजिन घेतलेला जोगी कोणालाही अपरिचित नाही, त्यामुळे हा अर्थ एकदा सांगितला की मुले हसायची थांबत आणि डोळे मोठे करून ऐकत. तक्या म्हटले की आपल्याला बैठकीतला लोड आठवतो, पण जुन्या मराठीत फकिराच्या मठीलाही तक्याच म्हणत आणि मराठवाड्यातील कित्येक गावांत वेशीबाहेरची एखादी जागा अजून त्याच नावाने ओळखली जाते. दोन्ही अर्थांच्या मुळाशी आधार, टेकण्याची जागा हीच कल्पना आहे. आणि दरवेशी म्हटल्यावर तर माझ्या पिढीला अस्वल घेऊन दारोदार फिरणारा माणूसच डोळ्यांसमोर येतो. म्हणजे तिन्ही शब्द आपल्या घरात नांदताहेत, फक्त ते ज्या माणसांबरोबर आले ती माणसे आपण विसरलो आहोत.

ही माणसे आली ती आजच्या उझबेकिस्तानातल्या बुखारा शहराजवळच्या गिजदुवान या गावातून. बुखाराच्या परिसराला सूफी परंपरेत मोठे स्थान आहे. नक्शबंदी सिलसिला, म्हणजे सूफींची गुरुशिष्य-परंपरा, ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते बहाउद्दीन नक्शबंद तेथलेच. १३८९ साली ते वारले आणि बुखाराच्या वेशीबाहेर त्यांचा दर्गा आहे. त्यांच्याही आधी होऊन गेलेले ख्वाजा अब्दुल खालिक हे तर या गिजदुवान गावचेच, आणि या पंथाची सूत्रे त्यांनी घालून दिली असे मानले जाते. त्यांतले एक सूत्र आहे 'खिलवत दर अंजुमन', म्हणजे चारचौघांत वावरत असतानाच एकांत साधावा. दुसरे 'सफर दर वतन', म्हणजे आपल्या ठिकाणी राहूनही आतला प्रवास चालू ठेवावा. नक्शबंदींचा जप मनातल्या मनात, श्वासाबरोबर चालतो. गाणे-बजावणे आणि ढोल-ताशा यांचा तेथे सोस नाही. पैठणच्या नाथांनी प्रपंच न सोडता परमार्थ केला हे ज्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, त्या मुलखात चारचौघांतला एकांत ही कल्पना समजावून सांगायला फार शब्द खर्चावे लागणार नाहीत. आणि जो माणूस गिजदुवानहून निघून हजारो कोस चालत खामच्या काठी येऊन स्थिरावला, त्याने मुसाफिर हे नाव अखेरपर्यंत वागवले यातही त्या दुसऱ्या सूत्राचा पडसाद मला ऐकू येतो.

आता या कथेतला अवघड भाग. तो टाळून मला ही मागणी करायची नाही. बाबा पलंगपोश हे छावणीतले संत होते. औरंगजेबाच्या दख्खन स्वारीत तुराणी, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या, सरदारांची जी मोठी फौज होती, तिच्या अग्रभागी गाझिउद्दीन खान फिरोजजंग होता, आणि बाबा त्याच्या लष्कराबरोबर फिरत असत. मराठी वाचकाला हा सरदार शहाबुद्दीन खान या नावाने ओळखीचा आहे. १६८२ साली रामसेजच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला आणि किल्ला न घेताच परत फिरावे लागलेला शहाबुद्दीन खान तो हाच. पुढे विजापूर आणि गोवळकोंड्याच्या मोहिमांत तो होता, साथीच्या रोगात त्याची दृष्टी गेली, आणि त्याचाच मुलगा पुढे निजामुल्मुल्क आसफजाह म्हणून हैदराबादच्या राज्याचा संस्थापक झाला. या फौजेतले मध्य आशियाई शिपाई परमुलखात, परभाषेत, वर्षानुवर्षे तंबूत राहणारे होते. त्यांना आपल्या गावाकडच्या बोलीत बोलणारा, आपल्या पीराच्या परंपरेतला बाबा जवळ असणे म्हणजे काय वाटत असेल, हे परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांकडे पाहिले की कळते. लढाईवर निघताना ते बाबांपुढे नजराणा ठेवत, आणि त्या नजराण्यांतून औरंगाबादचा तकिया चालत असे. बाबा पलंगपोश लष्कराबरोबर, तर शाह मुसाफिर तकियात, अशी ती विभागणी होती.

ज्या वर्षांत संभाजी महाराजांना क्रूरपणे मारले गेले, राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले, त्याच वर्षांतली ही हकिकत आहे. हे वाचून कोणी म्हणेल की मग या कबरींचे कौतुक आम्ही कशाला करावे. त्यावर माझे उत्तर असे की मी कौतुकाची मागणी करत नाही, ओळखीची करतो आहे. ज्या सैन्याशी मराठ्यांनी सत्तावीस वर्षे झुंज दिली ते सैन्य कशाचे बनलेले होते, त्यातली माणसे कोणती भाषा बोलत, कशाला भीत, कोणाला शरण जात, हे जाणून घेतल्याने मराठ्यांचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही. उलट पाठ्यपुस्तकात 'मोगल फौज' या दोन शब्दांत संपणारी गोष्ट हाडामांसाची होते. शिवाय तकियाच्या दारात जो भुकेला येई त्याला भाकरी मिळे, ही गोष्टही तितकीच खरी आहे, आणि तीही सांगितली गेली पाहिजे.

बाबा पलंगपोश १६९९ साली वारले. शाह मुसाफिर त्यांच्यानंतर पंधराएक वर्षे जगले. हिजरी ११२६, म्हणजे इसवी सन १७१४-१५च्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे शाह महमूद गादीवर आले आणि १७६२पर्यंत, जवळजवळ अर्धशतक, त्यांनी तकिया सांभाळला. आज आपण पाणचक्कीत जे पाहतो त्याचा फार मोठा भाग या काळात उभा राहिला. तुर्कताज खान, जमील बेग खान अशा सरदारांची नावे त्या बांधकामांशी जोडलेली आहेत. पण माझ्या दृष्टीने शाह महमूद यांचे सर्वांत मोठे काम दगड-चुन्यातले नाही. आपल्या दोन्ही गुरूंच्या आठवणी, बोल आणि तकियातले रोजचे व्यवहार त्यांनी फारसीत लिहून ठेवले. 'मल्फूजाते नक्शबंदिया' या नावाने तो ग्रंथ ओळखला जातो. त्याचे इंग्रजी भाषांतर सायमन डिग्बी या अभ्यासकाने केले आणि ते २००१ साली प्रसिद्ध झाले. मी ते निवृत्तीनंतर मिळवून वाचले. त्यात चमत्कार आहेत, तसे ते सर्वच संतचरित्रांत असतात; पण त्यापेक्षा मला गुंतवून ठेवले ते तकियातल्या नित्याच्या गोष्टींनी. कोण आले, कोण राहिले, कोणाला वाटखर्च दिला, कोणता फकीर भांडकुदळ निघाला, कोणता शिपाई नोकरी सोडून दारात येऊन बसला. अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या औरंगाबादचे इतके जवळून घेतलेले चित्र अन्यत्र क्वचित सापडते.

तकियाच्या लौकिकाची आणखी एक खूण म्हणजे आझाद बिलग्रामी. फारसी आणि अरबीतला हा मोठा कवी आणि चरित्रकार १७०४ साली उत्तरेत बिलग्राम येथे जन्मला, हजची यात्रा करून दख्खनला आला आणि काही वर्षे शाह मुसाफिरांच्या या तकियात राहिला. येथल्या पाण्यावर आणि हौदावर त्याने कविता केली. पुढे १७८६ साली तो वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. ज्या आवारात आपण आज अर्धा तास काढून छायाचित्रे घेतो, तेथे एके काळी असा विद्वान लिहीत बसला होता, ही गोष्ट शहराला अभिमान वाटावी अशी नाही का?

आणि आता चक्कीकडे येतो. हर्सूलच्या बाजूने, काही किलोमीटरवरून, जमिनीखाली पुरलेल्या भाजक्या मातीच्या नळांतून पाणी तकियापर्यंत आणलेले आहे. ते येताना वाटेत चढते, उतरते. दाब सांभाळण्यासाठी आणि नळांत कोंडलेली हवा निघून जावी म्हणून जागोजाग खांबांची योजना केलेली असते. शेवटी ते पाणी तकियातल्या उंच भिंतीच्या माथ्यावर चढते आणि तेथून पसरट धारेने हौदात कोसळते. चक्कीच्या खोलीत वाकून पाहिले तर वरती जात्याची तळी आणि वरचा फिरता दगड दिसतो, आणि खालच्या अंधारात, पाण्याचा झोत जिथे आदळतो तेथे, पाती बसवलेले आडवे चाक असते. त्या चाकाचा उभा दांडा सरळ वरच्या दगडाला जोडलेला आहे. मध्ये दातेरी चक्र नाही की पट्टा नाही. चाक एकदा फिरले की दगड एकदा फिरतो, बस्स. हात लावावा न लागता पीठ पडते. वापरून झालेले पाणी पुढे खामला मिळते.

या हौदाची एक गंमत मी मुलांना आवर्जून दाखवत असे. हौद जमिनीत खणलेला नाही. त्याचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, आणि जाडजूड खांबांच्या रांगांनी ते तोलून धरले आहे. नदीच्या बाजूने त्या दालनात उतरले की वैशाखातही अंगावर गारवा येतो. डोक्यावर पाणी, समोर नदी, आणि दिवसभर चालून आलेल्या माणसाला पाठ टेकायला सावली. बांधणाऱ्याने हे कोणासाठी बांधले असेल हे त्या दालनात पाच मिनिटे बसले तरी कोणाच्याही लक्षात येईल. राजासाठी असे कोणी बांधत नाही. हे पाय सुजलेल्या वाटसरूसाठी बांधलेले आहे.

म्हणून चक्की हे यंत्रविद्येचे नवल म्हणून दाखवणे हे अर्धे सांगणे आहे. दळण कोणाचे होते, याचे उत्तर त्या शेजारच्या कबरीपाशी मिळते. तकियात शेकडो मैल चालून आलेले फकीर उतरत, बुखारा-समरकंदकडून हजला निघालेले यात्रेकरू येत, परतीच्या वाटेवरचे आजारी येत. एवढ्यांच्या भाकरीचे पीठ हातच्या जात्यावर दळत बसायचे तर दरवेशांचा दिवस त्यातच सरला असता. आपल्या आजीला पहाटे जात्यावर बसलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना एका पायलीच्या दळणाला काय कष्ट पडतात ते सांगायला नको. पाण्याने ते काम अंगावर घेतले आणि दारातला माणूस उपाशी राहिला नाही, हा चक्कीचा खरा अर्थ आहे. इस्तंबूलमध्ये उस्कुदारच्या टेकडीवर अठराव्या शतकातच मध्य आशियाई यात्रेकरूंसाठी बांधलेला उझबेकांचा तेक्के आहे. तोही याच पंथातला, याच वाटेवरच्या माणसांसाठी. तुर्कस्तानात १९२५ साली कायद्याने सर्व तेक्के बंद झाले. तिकडे जे कायद्याने झाले ते इकडे आपल्या दुर्लक्षाने होऊ नये, एवढे मला वाटते.

दुर्लक्ष हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरापासून जवळच एका रस्त्याच्या कामासाठी खोदाई चालू होती. सकाळी फिरायला गेलो असताना मातीच्या ढिगात लालसर खापराचे तुकडे दिसले. एक उचलून पाहिला. हाताच्या पंजाएवढा, बोटभर जाडीचा, बाहेरून चुन्याचा जाड लेप असलेला आणि आतल्या बाजूने क्षारांचा पांढरा थर बसलेला. नळाच्या तोंडाशी दुसरा नळ अडकावा म्हणून केलेली खाचही शाबूत होती. कामावरच्या मुकादमाला दाखवला तर तो म्हणाला, "काका, असले खापर रोज निघते." मी संबंधित कार्यालयात दोनदा गेलो, अर्ज दिला, पोच घेतली. नऊ दिवसांनी रस्त्यावर डांबर पडले. तो तुकडा माझ्या टेबलावर अजून आहे. तो तकियाला पाणी आणणाऱ्या याच नहरीचा, म्हणजे जमिनीखालच्या नळवाटेचा, होता की शहरातल्या दुसऱ्या एखाद्या जुन्या नहरीचा, हे तपासणारा माणूस तेथे असायला हवा होता आणि तो नव्हता, हीच माझी तक्रार आहे. मलिक अंबरच्या काळापासून या शहराला नहरींनी पाणी पाजले. त्या नहरी जमिनीखाली असल्यामुळे त्यांना मत नाही आणि आवाजही नाही. पोकलेनचा एक फटका बसला की तीन शतकांचा प्रवाह तुटतो, आणि मग उन्हाळ्यात हौद कोरडा पडला की आपण पाऊस कमी झाला म्हणून मोकळे होतो.

तेव्हा माझी पहिली विनंती नहरीविषयी आहे. उगमापासून तकियापर्यंत तिचा मार्ग मोजून नकाशावर घ्यावा, जमिनीवर जागोजाग दगडी खुणा रोवाव्यात, आणि त्या पट्ट्यात खोदकामाची परवानगी देण्यापूर्वी जाणकाराने जागा पाहावी. उगमाच्या परिसरात नव्या विंधनविहिरींना आवर घालावा, कारण मातीचे नळ कितीही शाबूत राहिले तरी झऱ्यात पाणीच नसेल तर भिंतीवरून काय कोसळणार? दर्ग्याच्या डागडुजीविषयीही एक गोष्ट. चुन्यातल्या बांधकामाला सिमेंटचे ठिगळ लावले की ओल आत कोंडते आणि जुना दगड-चुना आतून सुटतो, हे कोणताही जाणता गवंडी सांगेल. मराठवाड्यातल्या कित्येक दर्ग्यांत आणि देवळांतही भाविकांच्या प्रेमापोटीच कोरीव दगडावर तैलरंग चढतो, जमिनीवर चकचकीत फरशा बसतात. प्रेम खरे असते, पण दगडाचा श्वास बंद होतो. या कबरींच्या बाबतीत तसे होऊ नये आणि जे काम करायचे ते चुन्याचे काम येणाऱ्या कारागिरांकडूनच करून घ्यावे.

दुसरी विनंती अभ्यासकांना, विद्यापीठाला आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांना आहे. आपले विद्यापीठ पाणचक्कीपासून हाकेच्या अंतरावर आहे. 'मल्फूजाते नक्शबंदिया' मूळ फारसीवरून मराठीत आला पाहिजे. सेतुमाधवराव पगडी या मराठवाड्याच्याच सुपुत्राने फारसी कागद मराठीत आणण्याचे केवढे काम एकट्याने केले, सूफी संप्रदायावरही मराठीत लिहिले, हे आपण जाणतो. त्यांच्या मागे ती वाट ओस पडली असे म्हणण्याची वेळ येऊ नये. शहरात फारसी जाणणारे जुने उस्ताद आहेत, मराठीत उत्तम लिहिणारे तरुण आहेत. या दोघांना एका टेबलाशी बसवण्याचे काम कोणी तरी अंगावर घेतले पाहिजे. या ग्रंथातले निवडक प्रसंग आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रमशः आले तरी सुरुवात होईल. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा अभ्यास करणाऱ्यालाही शत्रूच्या छावणीतला हा आतला आवाज उपयोगी पडेल, आणि त्यासाठी त्याला इंग्रजीच्या दारात उभे राहावे लागणे मला रुचत नाही.

तिसरी विनंती सर्वांत लहान आहे आणि तिला पैसा जवळजवळ लागतच नाही. दर्ग्याच्या पायरीशी एक मराठी फलक असावा. त्यावर काय असावे तेही मी लिहून पाहिले आहे, ते असे: "येथे बाबा शाह सईद पलंगपोश (निधन १६९९) आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर (निधन हिजरी ११२६) यांच्या कबरी आहेत. दोघेही मध्य आशियातील बुखाराजवळच्या गिजदुवान गावचे, नक्शबंदी परंपरेतील सूफी. बाबा मुसाफिर यांनी या ठिकाणी फकीर, यात्रेकरू आणि वाटसरूंसाठी तकिया चालवला. त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी तो वाढवला आणि दोन्ही गुरूंच्या आठवणी ग्रंथरूपाने जपल्या. शेजारची चक्की तकियात उतरणाऱ्यांच्या अन्नासाठी दळत असे." एवढीच पाच वाक्ये. हेच मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि इंग्रजीतही असावे, आणि आलेच तर उझबेकीतही. गिजदुवानहून कोणी पाहुणा आला तर त्याला आपल्या गावाचे नाव येथे वाचून किती आनंद होईल याची कल्पना करावी. दर्ग्यात जाताना डोके झाकावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत, दुवा मागणाऱ्यांच्या मधून छायाचित्रे काढू नयेत, हेही त्यावर सौम्य शब्दांत लिहिता येईल. ते स्थान अजूनही लोकांच्या श्रद्धेचे आहे, आणि सकाळी कामावर जाता जाता दोन मिनिटे हात जोडून पुढे जाणारी सर्व जातिधर्मांची माणसे मी तेथे पाहिली आहेत.

त्या दिवशी नातीला मी सांगितले की बाबा दळत नसत, दारात आलेल्याला जेवू घालत, आणि त्यासाठी ही चक्की होती. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग ते आपल्याकडचे नव्हते तर एवढ्या लांबून चालत का आले?" मी तिला बुखारा, काबूल, पंजाब, बुऱ्हाणपूर अशी गावे सांगत गेलो, तिने वडाच्या पाराजवळच्या धुळीत काडीने एक रेघ ओढली आणि गिजदुवान नेमके कोठे मांडायचे ते मला दाखवता आले नाही. म्हणून त्या फलकावर एक छोटा नकाशाही असावा, अशी पुरवणी विनंती आहे. फलकाचा मजकूर तयार करण्यास आणि रविवारी सकाळी येणाऱ्या शाळांच्या मुलांना दोन तास विनामोबदला माहिती सांगण्यास मी तयार आहे. संबंधितांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
छत्रपती संभाजीनगर